जप्तीचा कागद कुठे आहे?

(बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

कर्जाविषयी बोलायला बसलो की आपण व्याजाचा दर, हप्ता आणि थकबाकी यांवर बोलतो. आज मला घरातल्या वस्तूंविषयी बोलायचे आहे. भांडी, अंथरूण, शिलाई मशीन, गॅसची टाकी, टीव्ही, कानातले. हप्ता चुकला की वसुलीवाला दारात येतो आणि बोलता बोलता त्याची नजर घरातून फिरते. मग तो म्हणतो, "ताई, संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर जप्ती करावी लागेल."

जप्ती हा शब्द वस्तीत लहान मुलालाही माहीत असतो. तो कोणी उच्चारायचा, हे मात्र मोठ्यांनाही माहीत नसते. म्हणून पहिली गोष्ट सांगते. जप्ती करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला आहे. कंपनीच्या पगारावर किंवा कमिशनवर फिरणाऱ्या माणसाला तो नाही. तो पैसे मागू शकतो. सभ्य भाषेत, ठरलेल्या वेळेत, पुन्हा पुन्हा मागू शकतो. तुमच्या मर्जीविरुद्ध तुमच्या घरातला चमचासुद्धा तो उचलू शकत नाही.

याचा अर्थ कर्ज बुडवा असा नाही. घेतलेले पैसे देणे लागतोच. पण पैसे देणे लागणे वेगळे आणि घरदार, अब्रू त्याच्या हवाली करणे वेगळे. या दोन गोष्टींची गाठ वसुलीवाला मुद्दाम मारतो. ती आपल्याला सोडवायची आहे.

तारण काय दिले होते?

कोणतीही बाई वसुलीची तक्रार घेऊन आली की तिला आधी विचारा, "कर्जाला तारण काय होते?" पुढचे सगळे याच्या उत्तरावर ठरते.

मायक्रोफायनान्सचे, म्हणजे गटातून मिळणारे आणि दर आठवड्याला किंवा महिन्याला फेडायचे कर्ज बिनतारणी असते. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली केलेल्या नियमांत सूक्ष्म कर्जाची व्याख्याच तशी आहे: वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेले कर्ज. तारण नाही, म्हणजे तुमच्या कोणत्याच वस्तूवर कंपनीचा हात नाही. टीव्ही त्याच कर्जातून घेतलेला असला तरी नाही.

मग कंपनीने काय करायचे? तिला दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो. कोर्ट तुम्हाला समन्स पाठवते. तुमचे म्हणणे ऐकून निकाल होतो. निकाल कंपनीच्या बाजूने लागला तर हुकूमनामा होतो. तरीही पैसे भरले नाहीत तर कंपनीला वसुलीसाठी दरखास्त द्यावी लागते, आणि मग कोर्टाचा बेलीफ कोर्टाचा हुकूम घेऊन तुमच्या दारी येतो. तो कागद म्हणजे जप्तीचा कागद. छापील लेटरहेडवर लाल शिक्का मारून आणलेली नोटीस म्हणजे तो कागद नव्हे, आणि वकिलाची नोटीसही नव्हे.

कोर्टसुद्धा काय घेऊ शकत नाही

१९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे. कोर्टाच्या जप्तीतूनही वगळलेल्या वस्तूंची यादी त्यात दिली आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी सांगते, वहीत लिहून घ्या.

अंगावरचे लागणारे कपडे. स्वयंपाकाची भांडी. अंथरूण-पांघरूण आणि खाटा. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची अवजारे. शेतकऱ्याची शेतीची अवजारे, आणि कोर्टाला पोटापाण्यासाठी आवश्यक वाटतील ती जनावरे व बियाणे. शेतकरी, मजूर आणि घरकामगार यांचे स्वतः राहते घर, ते त्या कर्जाला गहाण दिलेले नसेल तर. मजूर आणि घरकामगार यांची मजुरी. पुढे मिळणाऱ्या पोटगीचा हक्क. आयुर्विम्याच्या पॉलिसीचे पैसे.

हे कलम वाचताना दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. त्यात भाषा आहे ती "ऋणको, त्याची बायको आणि मुले" अशी. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कर्जदार म्हणजे पुरुष होता, बाई त्याची बायको म्हणून यादीत आली. आज गटाच्या कर्जावर सही बाईची असते. कलमाचे संरक्षण तिलाही तितकेच आहे. शिलाईवर पोट असणाऱ्या बाईने "मशीन हे माझे अवजार आहे" असे कोर्टात ठामपणे सांगितले पाहिजे. घरात बसून केलेल्या कामाला काम न मानण्याची सवय कोर्टालाही असू शकते, म्हणून ते मुद्दाम सांगावे लागते.

दुसरी गोष्ट मंगळसूत्राची. आपल्यातल्या कितीतरी जणी ते घालत नाहीत आणि त्याविषयी आपली मते आहेत. कायद्याने ते वाचवले आहे ते धर्माची खूण म्हणून, बाईची कमाई म्हणून नव्हे. तरी ज्या बाईच्या गळ्यातली ती एवढीच सोन्याची वस्तू आहे, तिच्यासाठी हे कलम वापरायला आपण मागेपुढे पाहू नये.

आणखी एक. याच कलमात १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे की ही सूट सोडून देण्याचा करार रद्दबातल आहे. बारीक अक्षरातल्या पंधरा पानांत कुठेतरी तुमचा अंगठा घेतला असला तरी तुमची भांडी सुरक्षित आहेत.

मात्र टीव्ही, फ्रीज, स्कूटर, बँकेतली शिल्लक या गोष्टी कोर्ट जप्त करू शकते. तेही सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी घरात शिरून नाही. कलम ६२ तसे सांगते. आणि कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही. "पोलीस उचलून नेतील" ही धमकी बायकांना सर्वांत जास्त दिली जाते आणि साध्या थकबाकीच्या बाबतीत ती खोटी आहे. पुरुषालाही केवळ पैसे नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सांगितले आहे.

अपवाद चेकचा. सही केलेला चेक वटला नाही आणि नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत रक्कम भरली नाही, तर तो फौजदारी गुन्हा होऊ शकतो. म्हणून कोऱ्या चेकवर सही करू नका, आणि अशी नोटीस आली तर त्याच दिवशी वकील गाठा.

सोने, गाडी, घर

वस्तू तारण ठेवली असेल तर गोष्ट बदलते. सोने गहाण ठेवले असेल तर ते सावकाराच्या किंवा बँकेच्या ताब्यातच असते आणि हप्ते थकले तर त्याचा लिलाव करता येतो. पण त्याआधी तुम्हाला कळवले पाहिजे, आणि येणे वसूल होऊन उरलेले पैसे तुम्हाला परत मिळाले पाहिजेत. ते मागायला कोणी जात नाही, कारण सोने गेले तिथेच आपण विषय संपवतो. लिलावाचा हिशेब लेखी मागा.

रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर कर्जावर घेतला असेल तर गाडी तारण असते. करारात ताबा घेण्याचे कलम असते. तरी रस्त्यात गाडी अडवून, चालकाला खाली ओढून ती नेता येत नाही. वसुलीसाठी गुंड पाठवण्याच्या पद्धतीवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली कडक शब्दांत टीका केली. २०२३ साली पाटणा उच्च न्यायालयाने अशी जबरदस्तीची वाहनजप्ती बेकायदा ठरवली. त्या दोन्हींच्या मध्ये, सप्टेंबर २०२२ मध्ये, झारखंडच्या हजारीबाग जिल्ह्यात वसुलीवाले एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर घेऊन निघाले असता त्याची गर्भवती मुलगी त्याखाली सापडून मेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीला बाहेरच्या एजंटांकडून वसुली करण्यास काही महिने बंदी केली. कागदावर नियम असतात. ते पाळले जातात की नाही हे बघायला दारात कोणीतरी उभे असावे लागते.

घर गहाण असेल तर बँका आणि गृहकर्ज कंपन्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कोर्टात न जाता कारवाई करू शकतात. पण त्याआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुम्ही लेखी हरकत घेतली तर तिला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. १ लाखापर्यंतच्या कर्जाला आणि शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू नाही. नोटीस घरी आली आणि नवऱ्याने ती गादीखाली सरकवली, असे फार घडते. घरात आलेला प्रत्येक कागद बाईने वाचला पाहिजे, येत नसेल तर वाचून घेतला पाहिजे.

पतसंस्था आणि सावकार

महाराष्ट्रात सहकारी पतसंस्थांचे जाळे मोठे आहे, म्हणून त्यांच्याविषयी वेगळे सांगते. पतसंस्थेला दिवाणी कोर्टात जायची गरज नसते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि त्यावर वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. म्हणजे इथे जप्तीचा कागद असतो, तो पाहायला मागायचा. दाखला देण्याआधी निबंधक तुम्हाला म्हणणे मांडायला बोलावतो, तेव्हा जायचे. जामीनदार म्हणून सही केली असेल तर तीच नोटीस तुम्हालाही येते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. दिराच्या, भावाच्या कर्जाला "नुसती सही" करताना हे आठवा.

खासगी सावकारासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. सावकारीतून बळकावलेली जमीन कर्जदाराला परत देण्याचा अधिकार या कायद्याने जिल्हा उपनिबंधकाला दिला आहे. कर्जाच्या कागदांची दहशत आपल्या भागाला नवी नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली, दंगे पसरले आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या कायद्याने शेतकऱ्याला कर्जापायी कैदेत टाकणे बंद केले.

नवऱ्याचे कर्ज

नवऱ्याने एकट्याने काढलेल्या कर्जाला बायको आपोआप जबाबदार होत नाही. ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच होते. स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केले आहे. तिच्या वस्तू नवऱ्याच्या कर्जापोटी कोर्टाने जप्त केल्या तर त्याच कोर्टात तिला हरकत घेता येते. पावती, लग्नातले फोटो, यादी, जे असेल ते जपून ठेवा.

नवरा वारला तर? हा प्रश्न आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरांतून आपल्याला सतत विचारला जातो. तेराव्याच्या आत दारात माणूस येतो आणि म्हणतो, "वहिनी, आता हे तुम्हालाच फेडावं लागणार." वारसाची जबाबदारी मृताची जेवढी मिळकत हाती आली असेल तेवढ्यापुरतीच असते. तिची मजुरी, तिचे दागिने, तिच्या नावचे घर यांतून ते फेडायला तिला भाग पाडता येत नाही. गहाण जमिनीवरचा बोजा मात्र राहतो. कर्ज देताना विम्याचे पैसे कापले होते का, हेही आधी बघा. कापले असतील तर प्रथम तो विमा मागायचा.

गटातली वसुली

आता जे सांगणार आहे ते थोडे कडू आहे. आपल्या कामात ऐकलेल्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारींत वस्तू उचलणारा हात कंपनीच्या माणसाचा नव्हता. तो गटातल्या बाईचा होता. साहेब मोटारसायकलवर बसून राहतो आणि सांगतो, "तिचा हप्ता आला नाही तर कोणीच घरी जायचं नाही." पोरं घरी वाट बघत असतात, चूल थंड असते. मग सगळ्या जणी चिडून तिच्या दारात जातात. कोणी शिव्या देते, कोणी टाकी उचलते, कोणी तांब्याचा हंडा. स्वयंपाकाची जी भांडी कोर्टाला जप्त करता येत नाहीत ती शेजारीण उचलून नेते.

कंपनीला हे स्वस्त पडते. तिने कायदा मोडलेला दिसत नाही. उद्या तक्रार झालीच तर ती हंडा उचलणाऱ्या बाईवर होते. पैसे वसूल करण्यासाठी कर्जदाराची वस्तू संमतीशिवाय उचलणे ही चोरीच, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने १८९५ साली म्हटले होते. गटाने एकमेकींची हमी घेतली असली तरी तिचा अर्थ फार तर पैशाची जबाबदारी. एकमेकींच्या घरात शिरण्याचा परवाना त्यातून मिळत नाही.

आंध्र प्रदेशात २०१० साली काय झाले ते आठवा. एकेका बाईवर चार-चार कंपन्यांची कर्जे, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या, आणि शेवटी सरकारला वटहुकूम काढावा लागला. ज्या गटाने आपण एकमेकींना बळ द्यायचे, त्याच गटाचा उपयोग एकीला सगळ्यांसमोर उघडे पाडण्यासाठी झाला. बायकांची एकी तारण म्हणून वापरली जाते, आणि व्याज दुसराच खातो. म्हणून आपल्या गटांनी एक ठराव करावा असे मला वाटते: कोणाही सभासदाच्या घरातली वस्तू आम्ही उचलणार नाही, उचलू देणार नाही, आणि हप्त्यासाठी कोणाला बसवून ठेवले तर सगळ्या मिळून उठून जाऊ.

दारात माणूस आला तर

घाबरू नका आणि एकट्या राहू नका. दोन शेजारणींना हाक मारा. त्याचे नाव, ओळखपत्र आणि कंपनीने दिलेले अधिकारपत्र मागा. बोलणे उंबऱ्याबाहेर करा. वस्तूंचा विषय निघाला की एकच वाक्य: "जप्तीचा कागद कुठे आहे? कोर्टाचा हुकूम दाखवा."

सूक्ष्म कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम लक्षात ठेवा. वसुली दोघांच्या संमतीने ठरलेल्या जागी व्हावी. तिथे तुम्ही लागोपाठ दोन वेळा आला नाहीत तरच घरी किंवा कामाच्या जागी यायचे. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करायचा नाही. शिव्या, धमक्या, नातेवाइकांना त्रास, नावाची जाहिरात, कर्ज न फेडल्यास काय होईल याविषयी खोटे सांगणे, हे सगळे त्या नियमांत मना केलेले आहे.

दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या आणि कार्डावर नोंद करून घ्या. "ठेवून घेतो, पैसे दिले की परत देतो" म्हणणाऱ्याला वस्तू देऊ नका. तारीख, वेळ, काय बोलला, कोण हजर होते, हे वहीत लिहा. अडचण खरी असेल तर हप्ते लहान करून द्या असा लेखी अर्ज कंपनीला करा आणि प्रत जवळ ठेवा.

वस्तू उचलून नेलीच तर पोलीस ठाण्यात जा. घरात घुसणे, चोरी, धमकी, स्त्रीला अपमानास्पद बोलणे हे भारतीय न्याय संहितेखाली गुन्हे आहेत. "हे तुमचं पैशाचं भांडण आहे" असे ठाणे अंमलदार म्हणेल. तुम्ही सांगा की पैशाचे भांडण कोर्टात होईल, आम्ही टाकी चोरीला गेल्याची फिर्याद द्यायला आलो आहोत. नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. कंपनीकडेही लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

कोर्टाचे समन्स आले तर ते घ्या आणि तारखेला जा. न गेल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि मग कागद खरा असतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा.

आणि परिणाम लपवू नका. थकबाकी राहिली तर पतनोंद बिघडते, पुढचे कर्ज अडते, व्याज वाढते. बाईला हे सगळे सांगूनच तिचा निर्णय तिला घेऊ द्यावा.

कर्ज थकलेल्या बाईला आपल्याकडे सगळ्यांत आधी लाज वाटते. ती दार लावून घेते, नळावर येत नाही, मीटिंगला येत नाही. वसुलीवाल्याला हीच लाज उपयोगी पडते. आजारपण, पाऊस, बंद पडलेले काम, दारुडा नवरा, यांतल्या कशाची लाज तिने का बाळगायची? परत गेल्यावर आपापल्या गटात पहिल्या बैठकीला कलम ६० ची यादी मोठ्याने वाचा. मग जी बाई दोन मीटिंगा आलेली नाही तिच्या घरी जा. पैसे मागायला आलेलो नाही, हे दारातच सांगा.